प्रश्न क्रमांक सात

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चार तास सुई हातात, आणि रक्त फिरून परत येतं
धुऊन वाळत घातल्यासारखं.
सहा वर्षं झाली. तेवढ्यात मला विचारलं गेलं ते एकच :
काका, वजन किती वाढलं?

मग ऋजुता डॉक्टर आल्या फॉर्म घेऊन.
थकव्याचा अभ्यास करायचाय म्हणाल्या.
मी म्हटलं, सही कुठे?
सही नको. चुका काढा.

दापोडीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं टर्नर होतो मी.
चूक काढायची तर मायक्रोमीटर लागतो,
आणि माप घेण्याआधी
त्याचं शून्य तपासावं लागतं.

पहिल्या बैठकीला खुर्च्या समोरासमोर,
पंखा त्यांच्या बाजूला.
कोंढव्याच्या नसीम आपा काही बोलल्या नाहीत.
खुर्ची ओढत, फरशीवर कर्रर्र करत
पंख्याखाली जाऊन बसल्या.
तेव्हापासून गोल.

चहा आला, काठोकाठ.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
दिवसाला पाऊण लिटर पाणी आमचं,
हा कप कुणाच्या हिशेबात धरायचा?
प्रोफेसरांनी वही उघडली.
त्यातलं पहिलं वाक्य ते.

प्रश्न क्रमांक सात :
'गेल्या आठवड्यात आपणांस किती थकवा जाणवला? एक ते दहा.'
खडकीची फिलोमिना म्हणाली, कुठल्या दिवशी?
सोमवारी मी तीन. मंगळवारी रात्री मी माणूसच नाही.
मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, बावन्न पायऱ्या.
डायलिसिसच्या दिवशी चोविसाव्या पायरीवर बसतो,
लोणकरांच्या चपलांशेजारी.
दुसऱ्या दिवशी अडतिसाव्या.
तुमच्या दहात हे कुठं बसवू?

कुणीतरी हसलं. ऋजुता डॉक्टर नाही हसल्या.

वेदांग, बावीस वर्षांचा, एका कानात हेडफोन तसाच,
खिडकीकडे बघत म्हणाला :
घरी गेल्यावर परत स्वतःसारखं वाटायला किती तास लागतात,
ते विचारा ना.

पंखा तेवढा फिरत राहिला.
आकडेवारीवाल्या साहेबांनी चष्मा पुसला,
हे मोजता येईल का हो?
साहेब, तास आहेत. घड्याळात असतात.

सगळंच काही झालं नाही मनासारखं.
बसभाड्याचे पैसे अजून 'प्रक्रियेत' आहेत.
नसीम आपांनी विचारलं होतं,
उत्तर सापडलं तर आम्हाला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत?
त्याची नोंद घेतली आहे.

काल फॉर्म छापून आला.
शेवटच्या पानावर आमची नावं,
माझं धोंडिरामचं धोंडिराज झालंय.
सिस्टरना म्हटलं, ही पण एक चूक लिहा.
त्या हसल्या, पेन सरसावून बसल्या.
प्रश्न क्रमांक सात, काका. किती तास?

मी तोंड उघडलं.
प्रश्न आमचा, गोल बसून घासून घेतलेला.
उत्तराला मात्र
कधी माप लावलंच नव्हतं.

थांबा, म्हटलं.
आज घरी जाऊन घड्याळ लावतो.
गुरुवारी सांगतो.