पण

आधीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात
दर सहामाहीला एकच शेरा:
‘हुशार आहे, पण’
पुढे रकाना संपलेला.

नववीत दोनदा बसलो.
घंटा वाजली की पोटात मुरडा,
आणि फळ्यावरची अक्षरं
विश्वामित्रीतल्या मगरींसारखी,
लांबून ओंडके,
बोट ठेवायला गेलं की हलायची.

आता रावपुऱ्यात, छापखान्याच्या माडीवर
आम्ही अकरा जण.
घंटा नाही. खालचं यंत्र थांबलं की डबे उघडायचे.
ऋजुताताई पहिल्या दिवशी म्हणाल्या,
तुला काय येतं ते सांग.
मी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.
मग म्हटलं, कार्ब्युरेटर. स्कूटरचा.
खोलायचा कसा, जेटमधला कचरा फुंकायचा कसा,
मी बोलत गेलो, त्या लिहीत गेल्या
आणि कागद माझ्याकडेच सरकवला.
वाच.

चार ओळींना अख्खी दुपार गेली.
‘फुंकर’ दोनदा निसटली.
कुणी घड्याळ बघितलं नाही.
थांबलो, तर परत आली.

काल नवी मुलगी आली, झंखना.
दारातच उभी, चपला पायात,
दप्तर पोटाशी.
‘हुं तो नापास छुं,’ म्हणाली, फरशीला.

‘हुं पण,’ जिग्नेश म्हणाला, डोकं वर न करता.
‘मी पण,’ मी.

तिनं एक चप्पल काढली.