सभासदांची यादी

एकाच रविवारी दोन जीप आल्या,
एक परतवाड्याकडून, एक नदीपलीकडून.
दोन्हींतून बिशप उतरले,
दोघांच्या अंगठीत जांभळाच खडा.
दोघांनी विचारलं, तुम्ही आमचेच ना?

आम्ही एकोणीस.
सिनॉडला प्रतिनिधी पाठवायचा
तर वीस डोकी लागतात म्हणे.
म्हणून एका यादीत आम्ही त्रेचाळीस झालो,
दुसरीत एकावन्न.
दोन्हींत माझा बाप होता,
तुरीच्या धुऱ्यालगत
नव्वद सालापासून निजलेला.

फिबीबाईनं दोन्ही कागदांवर अंगठा दिला.
"काहून वं मावशे?"
"दोघायनंबी चाय पेली माह्या घरी.
कोनाले नाही म्हनू?"

मग कोर्टाचा कागद. देवळाला कुलूप, वर लाख.
आतल्या वटवाघळांवर मनाई नाही.
घंटेची दोरी तेवढी बाहेर लोंबते,
तिचं नाव दाव्यात घालायचं
दोन्ही वकील विसरले.

मी ती ओढतो. आवाज जिनिंगपर्यंत जातो.
लोक चिंचेखाली सतरंज्या टाकतात,
हे इकडं, ते तिकडं,
मधे फिबीबाई,
कारण सावली तिथंच दाट.
गीत एकच असतं,
पण तिकडचे मुद्दाम एक ओळ मागून धरतात.

परवा पोलीस पाटील वही घेऊन आला.
घंटा वाजवणारा कोणत्या पार्टीचा?
म्हटलं, लिहा बाप्पा, काहीबी लिहा.
फक्त माझ्या बापाचं नाव
एका तरी कागदावर दुरुस्त करा.
सिलास.
शिवलाल नाही.