मुद्देमाल नंबर चार

परभणीच्या कोर्टात, रेकॉर्ड रूमच्या दारावर
सोमवारी सकाळी तक्ता डकवला:
डावीकडं जुनं कलम, उजवीकडं नवं.
तीनशेदोन गेलं एकशेतीनवर.
चारशेवीस, अर्ध्या गावाचं टोपणनाव,
आता तीनशेअठरा, पोटकलम चार.
वकील मंडळी बोट फिरवत वाचत होती,
बदल्यांची यादी लागल्यावर गुरुजी वाचतात तशी.

निकिता घुले, आमची नवी ऑपरेटर,
सुप्त फाइली संगणकावर चढवत होती.
"काका, एकशेएकसष्ट टाकलं तर काहीच येईना.
लाच गेली कुठं?"

बाई, तिची बदली अठ्ठ्याऐंशीलाच झाली.
दंडसंहितेतून उठली,
स्वतःच्या कायद्यात वेगळं बिऱ्हाड केलं,
कलम सातच्या पत्त्यावर.
या खेपेच्या घरबदलात तिचं भांडंसुद्धा हललं नाही.
मागं राहिली होती ती निवडणुकीतली,
मताला नोट, मताला साडी,
तेवढी जुन्या एकशेएकाहत्तरातनं
नव्या एकशेसत्तरात आली.
एक आकडा खाली.
एवढाच काय तो उतार.

तिच्या हातातली फाइल सत्त्याऐंशीची.
भूकरमापक दौलत शेंबोले, तालुका सेलू,
बांध मोजायला दीडशे रुपये.
सापळा, पावडर, दोन पंच.
हात बुडवले तसं पाणी गुलाबी झालं,
असं पंचनामा म्हणतो.
जामिनावर सुटला तो सुटलाच.
समन्स परत: इसम गावी राहत नाही.
वॉरंट परत: इसम गावी राहत नाही.

"राहू दे जुनंच कलम," मी म्हणालो,
"ज्या दिवशीचा गुन्हा, त्या दिवशीचा कायदा."

वरच्या फळीवर त्याहून जुनी दफ्तरं,
निजामाच्या वेळची, उर्दूतली.
मला उर्दू येत नाही.
मुनीरोद्दीन शिरस्तेदारांनी जाता जाता
एकच शब्द ओळखायला शिकवला:
रे, शीन, वाव, ते.
"बेटा, सरकार बदलतं, लिपी बदलते,
हा शब्द दिसला की समज, फाइल आपलीच."

निकितानं बाटली मागितली, नोंद करायला.
मुद्देमाल नंबर चार. लाख शाबूत,
चिठ्ठी कसरीनं खाल्लेली,
"जव्या हाताचे धु" एवढंच उरलेलं.
तिनं ती खिडकीशी धरली, उलटी केली,
परत सुलटी केली.
"काका, हे तर नुसतं पाणी आहे."
सदतीस वर्षांत गुलाबी कधी विरलं
त्याचा पंचनामा कुणी केला नव्हता.
मी म्हणालो, रंगाच्या रकान्यात
पंचनाम्यात आहे तेच लिही.
तिनं लिहिलं नाही. रकाना मोकळा ठेवला.

दुपारी मानवतची एक म्हातारी आली नकलेसाठी.
फी भरलेली, पावती पुढं केली,
पावतीखाली वीसची नोट,
चौघडी, घामानं मऊ पडलेली.
"च्याला," म्हणाली.
मी मागितली नव्हती.
मी कधीच मागितलेली नाही.
पण अशा किती घड्या या बोटांनी
न बघता उलगडल्यात,
टेबलाखाली, एका हातानं.

निकिताचं टंकणं थांबलं होतं.
बाटली तिच्या कोपराशी.

मी नोट परत सरकवली.
म्हातारीचा चेहरा उतरला.
तिनं आधी नोटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि कनवटीला हात घालत विचारलं,
"कामून सायेब?
कमी पडले व्हय?"