हरभऱ्याचा कट

नोलीन, तुझी वही काढलीय.
पान बत्तीस, कोपऱ्यात व्हॅनिलाचा डाग,
आणि तुझं ते तिरकं, घाईतलं अक्षर:
पावलोव्हा. सहा अंड्यांचं पांढरं,
पिवळं तिळमात्र नको.
आता पांढरंही नको म्हणतात.

इशबेल येतेय नाताळला. सात वर्षांनी.
फोनवर म्हणाली, बाबा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका,
मी बटाटे खाईन.
एकतीस वर्षं पहाटे चारला उठून
गाईंच्या आचळांना यंत्रं लावली मी,
आणि माझी पोरगी नाताळच्या दिवशी बटाटे खाणार!

विन्टनच्या ग्रंथालयात बसते ती मुलगी म्हणाली,
काबुली हरभऱ्याचा डबा फोडा, मिस्टर गिलक्रिस्ट.
हरभरे बाजूला काढा. पाणी ठेवा. तेच फेसतं.
म्हटलं, बाई गं, या वयात मला
हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस.
ती हसली नाही. चार ओळी लिहून दिल्या.

तर उरला तो कट,
पिवळट, बुळबुळीत,
गोठ्यामागच्या डबक्याचा भाऊ.
मंद आचेवर निम्मा आटवला.
स्वयंपाकघरात एकटाच, रेडिओ बंद करून,
असा शिजवला मी कट.
तुझ्याविरुद्ध नव्हे, नोलीन.
तसं वाटून घेऊ नकोस.

तुझ्या मिक्सरला पहिल्यांदाच हात लावला.
सहा मिनिटं: काही नाही.
बारा मिनिटं: दाढीचा साबण.
अठराव्या मिनिटाला ते उभं राहिलं,
पांढरं, ताठ, चकाकतं.
भांडं डोक्यावर पालथं धरलं, तू धरायचीस तसं
(खाली उभी राहून इशबेल किंचाळायची),
थेंब हलला नाही.

मग ओव्हनमध्ये बसलं. चक्क बसलं.
ताटभर चिकट पाक झाला.
कोंबड्यांपुढे टाकला, मिटक्या मारत खाल्ला त्यांनी.
आपल्याच सुट्टीचा गोडवा आहे हा,
त्यांना कोण सांगणार.
दुसरा करपला, चहाच्या रंगाचा.
तोही कोंबड्यांना.

तिसऱ्याच्या वेळी तुझं पान पुन्हा वाचलं.
दार उघडायचं नाही,
हे तू तीनदा अधोरेखित केलंयस.
मी उघडत होतो. दर दहा मिनिटांनी. बघायला.

दहा वाजले तरी उजेड होता बाहेर.
स्टूलावर बसलो, हात मांड्यांखाली दाबून,
आणि आठवला बटन.
शाळेच्या वासरांच्या दिवशी तिनं मिरवलेला गोऱ्हा,
गळ्यात लाल फीत, खूर घासून लखलखीत.
पुढच्या मंगळवारी ट्रक आला.
तिनं विचारलं तर म्हणालो,
दुसऱ्या कुरणात गेलाय.
नऊ वर्षांची होती.
कुरणं मोजता येत होती तिला.

सकाळी दार उघडलं. उभा होता.
एका बाजूला तडा गेलेला,
पण तुझ्याही पावलोव्हाला जायचाच,
तू वरून स्ट्रॉबेऱ्या रचायचीस.
मीही रचल्या. नारळाचं क्रीम थापलं.

इशबेलनं चमच्याच्या पाठीनं टकटक केली,
दारावर करतात तशी.
एक घास. बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, साखर आईपेक्षा जास्त घातलीत.
आणि दुसरा तुकडा घेतला.

मी माझ्या ताटलीतलं नारळ-क्रीम चघळत होतो,
तोंडावर शक्य तेवढा आनंद ठेवून.
ती उठली. फ्रिज उघडला.
बिअरच्या बाटल्यांमागे दडवलेली
क्रीमची बरणी बरोबर हुडकली,
खऱ्या क्रीमची, शेजारच्या कॅम्बेलांकडची,
आणि माझ्यापुढे आणून ठेवली.
झाकणही सैल करून दिलं,
माझ्या बोटांत आता जोर नाही म्हणून.

मी थोडंसंच घेतलं, नोलीन.
चमचाभर.