वर्ग तीस

‘ताप्ली’ म्हणजे मध. अर्ज परत आला:
हा शब्द सगळ्यांचा, एकटीला देता येत नाही.
‘शुद्ध’ही नाही. ‘डोंगरी’ तर नाहीच.

कुटाइसीत, रात्री, त्सिउरी
बिननावाच्या बरण्या पुसत बसली.
तीन वर्षांची नुत्सा
कोपरापर्यंत चिकट, म्हणाली,
पाप्ली.

कुठल्याच कोशात नव्हता.
शुल्क भरलं. वर्ग तीस.
हरकतीची मुदत
कुणी ब्र न काढता सरली.

परवा टपालाने प्रमाणपत्र आलं:
शब्द दहा वर्षं तुमचा,
पुढे नूतनीकरण करता येईल.

त्सिउरीने पहिलं लेबल दाखवलं.
नुत्साने बोट ठेवून
एकेक अक्षर लावलं, कपाळाला आठी:
आई, चुकलंय.
ताप्ली म्हणतात.

लेबल जरा तिरकं चिकटलं.
त्सिउरीने ते सरळ केलं नाही.