ळ

मी द्राक्षाच्या कंपनीत दुभाषी.
दिंडोरीकडच्या वायनरीत इटलीहून यंत्रं आली,
त्यांच्यासोबतचे मेकॅनिक
शिव्यांसकट भाषा शिकवून गेले.
म्हणून संस्थेच्या बाईंचा फोन :
तोरिनोचं जोडपं आहे, कागद सगळे मराठीत,
कराल का? पैसे फारसे नाहीत.

पहिलाच कागद पंचनामा.
"अंदाजे दोन दिवसांचे स्त्री जातीचे अर्भक,
सिन्नर फाट्याच्या बस थांब्यावर,
गोधडीत गुंडाळलेले, बेवारस."
आणि खालच्या ओळीत : "कपाळी काजळाची तीट."
दोन्ही ओळी मी पुन्हा वाचल्या.
तीट लावून कुणी बेवारस ठेवतं का?
बेवारसला कोशात शब्द होता, ठळक छापलेला.
तोच लिहिला; शिक्क्याखाली दुसरा चालत नाही.
तिटेला मात्र सापडला नाही,
म्हणून तळटीप दिली, चांगली सात ओळींची.
लोरेन्झाने उत्तरात
फक्त तळटीपेबद्दल विचारलं.

पाच वर्षं ती दोघं रांगेत होती.
दारियोच्या आईने विणलेले मोजे
दर हिवाळ्यात उसवायचे,
एक माप वाढवून पुन्हा विणायचे.
आता फोटो आला होता, नाव आलं होतं,
तरी अकरा महिने गेले.
साहेब निवडणुकीच्या कामात. बाई रजेवर.
एक शिक्का तिरका पडला
आणि अख्खी फाईल दिल्लीला जाऊन आली.

तेवढ्या वेळात दारियो ळ शिकत होता.
दर रविवारी, फोनवर.
बकुला. बकुरा. बकुडा.
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडा.
"मी प्लंबर," तो म्हणायचा,
"वळण कळतं मला. दाब कळत नाही."
लोरेन्झा मागे गप्प असायची.

अर्जात उंची होती, वजन, हिमोग्लोबिन, लसी.
त्यांनी विचारलं, ती कशाला घाबरते?
त्याला रकाना नव्हता.
मी संस्थेत गेले. कौतिकबाई पोळ्या लाटत होती.
"कुकरच्या शिट्टीला," ती म्हणाली.
"आन झोपताना कानाची पाळी लागती तिला. माझी.
ती कशी पाठवायची?"

जानेवारीत आले. थंडी मरणाची.
बकुळा पाण्याच्या पिंपामागे.
दारियो ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला,
आणि अकरा महिन्यांचे रविवार घशात अडकून
म्हणाला : "बकुला."
पिंपामागून डोकं आलं.
"बकुला नाई. ब-कु-ळा."
तोंड उघडून जीभ दाखवली तिने,
मास्तरणीसारखी,
आणि तो बघत राहिला त्या तोंडात,
जणू तिथेच कुठेतरी गळती होती.

पहाटे चारला गाडी निघाली.
लोरेन्झाने कानातलं काढून
पर्समध्ये टाकलं होतं आधीच.
आमच्याकडे वेलीचं कलम करतात,
इथला खुंट, तिकडचा डोळा;
तेव्हा ते बोलायचा फार मोह झाला मला.
बोलले नाही.
वेलीला कुणी विचारत नाही, म्हणून.
तिलाही कुठे कुणी विचारलं होतं?

सहा वर्षांनी व्हिडिओ कॉल.
कौतिकबाई शेजारी, नव्या लुगड्यात,
फोन दिसतो हे विसरून कानाला लावणारी.
पडद्यावर दहा वर्षांची मुलगी,
दातांना तार, भरभर इटालियन.
"सांग त्यांना," ती मला म्हणाली,
"मी बकुला."
ळ गेला होता.
कौतिकबाईने पदर सारखा केला,
सारखाच होता तो.
मी भाषांतर करायचं थांबले.

तेवढ्यात तिकडून, आतून, भांड्यांच्या आवाजातून
बाईची हाक आली, जेवायला :
"बकुळाऽ!"
वळण बरोबर, दाब बरोबर,
देवळालीच्या कुठल्याही गल्लीत शोभेल अशी.

कौतिकबाईने वाकून
फोनच्या मागे पाहिलं,
कोण आलंय ते.