बारा नंबरचा पाना

उद्यमबागेत टूलरूमच्या खिडकीत भरमाण्णा बसायचा,
बाबा सांगतात.
बारा नंबरचा पाना मागितला
की बाराचाच द्यायचा.
तेराचा नाही, पेटी तर नाहीच.
वहीत सही मराठीत का कन्नडात, त्याला काय त्याचं,
संध्याकाळी तेल पुसून परत आण म्हणायचा.

मला तेवढंच पाहिजे होतं.
वडगावात आमच्या मागावर
धागा तुटला की दिवा लागावा म्हणून
चाळीस ओळी लिहिल्यात,
त्या चिपवर उतरवायला एक कंपायलर.
एक.

साडेसोळा जीबी उतरतंय.
त्यात कुणाच्या तरी घड्याळासाठी खोटं घड्याळ,
टीव्हीसाठी खोटा टीव्ही,
गेम बांधायचं सामान.
एकावरची खूण काढली तर म्हणतं,
हे नसलं तर ते रुसतं, ते नसलं तर सगळंच.
लग्नाची यादी करताना आमच्यात असंच होतं की.

रोजचा दीड जीबी दुपारीच संपला.
सुमित्राक्कांचा हॉटस्पॉट घेतला,
त्या फोन घेऊन खडेबाजारला गेल्या
आणि एकाहत्तर टक्क्यांवरची पट्टी
थांबली,
मग पहिल्यापासून.

माग चालूच. खट्ट खट्ट.
धागा कधी तुटला कळलंच नाही,
साडीत बोटभर रेघ गेली.
बाबांनी ती उजेडाला धरली, बराच वेळ.
"आला काय पाना?"
"पेटी यायलीय."
"आणि पाना?"
"असंल की. तळाला."